व्यासपीठ नव्हे, ओसरी

वाचकहो, एकाकीपणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर सहसा एकच चित्र उभे राहते. मुले परगावी गेलेली, जोडीदार निवर्तलेला आणि दाराशी खुर्ची टाकून वाटेकडे पाहत बसलेले एखादे आजोबा किंवा आजी. हे चित्र खोटे नाही. परंतु त्याच घरातील आतल्या खोलीत, दिवा न लावता मोबाइलच्या उजेडात बसलेला एकवीस वर्षांचा नातू त्यांच्याहूनही अधिक एकाकी असू शकतो, हे आपल्या सहजी ध्यानात येत नाही. आजचा लेख त्या नातवाविषयी आहे, आणि त्याच्यासाठी आपल्या पिढीला काय करता येईल याविषयीही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक जोडणीविषयक आयोगाने ३० जून २०२५ रोजी आपला अहवाल प्रसिद्ध केला. जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाने ग्रासले आहे, असे त्यात म्हटले आहे. १३ ते २९ या वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के असून सर्वाधिक प्रमाण किशोरवयीन मुलामुलींत आहे. साठी ओलांडलेल्यांपेक्षा तरुणांत ते अधिक आढळते. वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध असल्याचा या अहवालाचा अंदाज आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य आणि बुद्धीचा ऱ्हास यांची शक्यता त्याने वाढते. तेव्हा ‘रिकामपणाचे चोचले’ म्हणून या दुखण्याची बोळवण करणे आरोग्याच्या दृष्टीने परवडणारे नाही.

एकांत आणि एकाकीपणा

आपल्या भाषेने या दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द दिले आहेत, ही तिची कृपाच म्हणावी लागेल. एकांत माणूस स्वतः निवडतो. जप, वाचन, लेखन, विश्रांती यांसाठी तो हवासा वाटतो. एकाकीपणा मात्र न मागता येतो. आपल्याला हवी तेवढी आणि हवी तशी माणसांची सोबत नाही, ही सलणारी जाणीव म्हणजे एकाकीपणा. त्यामुळे तो भरल्या घरात असू शकतो आणि भर बाजारातही असू शकतो.

आर्णीचेच उदाहरण घ्या. यवतमाळपासून सुमारे ४० किलोमीटरवर, नागपूर–तुळजापूर महामार्गावर, अरुणावतीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव. बाबा कंबलपोष यांच्या उरुसाला येथे सर्व धर्मांची माणसे लोटतात. कापूस-सोयाबीनच्या हंगामात रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. अशा गावात कोणी एकाकी असेल, असे परक्याला वाटणार नाही. पण तरुणांची वाट जरा निरखून पाहा. बारावी झाली की मुले यवतमाळ, अमरावती, नागपूर, पुणे अशी पांगतात. मागे राहतो तो वावर सांभाळणारा मुलगा. त्याचे सोबती सणावारापुरते येतात आणि त्यांच्या बोलण्यातील निम्मे संदर्भ त्याला परके झालेले असतात. दुसरा असतो स्पर्धा परीक्षेसाठी चार वर्षे पुण्यात काढून यादीत नाव न लागता परत आलेला. चौकात जावे तर “मग, काय झालं?” हा प्रश्न उभा, म्हणून तो चौकच टाळतो. आणि तिसरी असते विशीतली सून. माहेर शंभर किलोमीटरवर, मैत्रिणी आपापल्या सासरी, आणि दिवसभर घरातील आजारी माणसाची सेवा. औषधांच्या वेळा तिला पाठ असतात, पण “तू कशी आहेस?” असे तिला विचारणारे कोणी नसते. वाचकहो, आपली शुश्रूषा करणारे हात कित्येकदा याच एकाकी तरुण माणसाचे असतात.

घरात कोणी एकाकी आहे का, हे ओळखण्यासाठी संशोधक तीन साधे प्रश्न वापरतात. आपल्याला सोबतीची उणीव किती वेळा भासते? आपल्याला वगळले गेले आहे असे किती वेळा वाटते? आपण इतरांपासून तुटलो आहोत असे किती वेळा वाटते? प्रत्येक उत्तराला ‘क्वचितच’ असल्यास १, ‘कधी कधी’ असल्यास २ आणि ‘वारंवार’ असल्यास ३ गुण द्यायचे. बेरीज ६ किंवा त्याहून अधिक आली, तर बहुतेक अभ्यासक त्या व्यक्तीची गणना एकाकी गटात करतात. हे रोगनिदान नव्हे. पण बोलणे सुरू करायला एवढी खूण पुरे असते. आधी हे प्रश्न स्वतःला विचारा, मग घरातील तरुणाला. आपली बेरीज त्याला सांगितलीत, तर तो त्याची सांगण्याची शक्यता वाढते.

मोबाइल दोषी की मोबाइलची रचना?

तरुण एकाकी का, असे विचारले की आपल्या पिढीचे उत्तर तयार असते : मोबाइल. त्यात तथ्य आहे, पण तथ्य अर्धेच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी समाजमाध्यमांचा वापर दिवसाला सुमारे ३० मिनिटांवर आणला, उरलेल्यांनी नेहमीसारखाच ठेवला. तीन आठवड्यांनी पहिल्या गटाचा एकाकीपणा आणि उदासी लक्षणीय प्रमाणात कमी झाली होती. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांचा मोबाइल कोणी हिसकावून घेतला नव्हता. वापर शून्यावर आणला नव्हता. मर्यादेत आणला होता.

एकाकी मनाचा स्वभाव कळला की यामागचे कारण उमगते. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन कॅचिओपो यांनी आयुष्यभर एकाकीपणाचा अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिले की, दीर्घकाळ एकाकी राहिलेले मन सतत सावध होते. कळपातून तुटलेल्या जनावराप्रमाणे ते सभोवार धोका शोधू लागते. संदेशाला उत्तर यायला उशीर झाला की त्याला अपमान दिसतो. दोन मित्र हसताना दिसले की ते आपल्यालाच हसत असावेत असे वाटते. मग आणखी दुखावले जाऊ नये म्हणून ते स्वतःच दार लावून घेते. २०११ साली अशा अनेक उपचारप्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा नुसत्या गाठीभेटी घडवून आणण्यापेक्षा मनातील हे चुकीचे अर्थ हळुवारपणे सुधारण्याचे प्रयत्न अधिक गुणकारी ठरल्याचे दिसले.

आता अशा दुखऱ्या मनाला सध्याची समाजमाध्यमे काय देतात, ते पाहा. तेथे माणसे अगणित, पण तुमची गैरहजेरी कोणाच्या लक्षात येत नाही. तेथे प्रत्येक जण आपला उत्तम क्षण मांडून बसलेला. तेथे कौतुक मोजले जाते आणि मोजलेला आकडा सर्वांना दिसतो. आपण त्यांना ‘व्यासपीठ’ म्हणतो, आणि तो शब्द अगदी चपखल आहे. व्यासपीठावर एक जण बोलतो, बाकीचे समोर बसतात. पण व्यासपीठामुळे आजवर कोणाचा एकाकीपणा गेला आहे? एकाकीपणा जात असे तो ओसरीवर. चार माणसे बसलेली असत, पाचवे आले की सरकून जागा होई, आणि सहावे आले नाही तर “आज हे दिसले नाहीत कुठं?” असे कोणीतरी म्हणे.

तरुणांसाठी उपयोगी ऑनलाइन ठिकाण उभारायचे, तर ते या ओसरीसारखे असावे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

भुलाबाईकडून चार धडे

अशा ठिकाणाचे नियम शोधायला दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडत. माझ्या वाचक भगिनींपैकी अनेकींनी ती मांडली असेल. त्या खेळाची रचना आज आरोग्याच्या दृष्टीने तपासली, तर थक्क व्हायला होते.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ ठरलेली होती. रोज संध्याकाळी, महिनाभर. जावे की नाही हा विचार करावा लागत नसे, आणि खेळ संपण्याचीही वेळ असे. दुसरी गोष्ट, मेळा लहान होता. गल्लीतील आठ-दहा मुली. त्यांपैकी एक आली नाही की तिच्या दारात हाक जाई. तिसरी गोष्ट, पाळी प्रत्येकीची होती. एका घरची गाणी झाली की मेळा पुढच्या घरी. घर कौलारू असो की कुडाचे, पाळी चुकत नसे. आणि चौथी गोष्ट सर्वांत सुंदर. खिरापत ओळखण्याचा खेळ! डबा हलवून, आवाज ऐकून, प्रत्येकीने काहीतरी नाव घ्यायचेच. ज्या मुलीला गाता येत नसे, चारचौघींत बोलता येत नसे, तिलाही “लाडू?” एवढे एक अक्षर उच्चारायची संधी मिळे. चूक झाली तर हशा पिके, पण त्या हशात टोचणी नसे, कारण चुका सगळ्यांच्याच होत.

आर्णी तालुक्यातील बंजारा तांड्यांवर तीज साजरी होते, तिच्यातही हेच सूत्र आहे. अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गातात, नाचतात. रोजच्या पाण्याच्या निमित्ताने रोजची भेट घडते. लक्ष रोपांवर असते, म्हणून संकोच गळून पडतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने गावोगाव चालत आलेल्या सामुदायिक प्रार्थनेतही ओळीत बसलेल्या माणसांत रिकामी जागा लगेच दिसते.

मात्र भूतकाळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. भुलाबाईच्या रिंगणात प्रत्येक जातीच्या मुलीला हाक जात नव्हती. ओसरीवर बसण्याचा अधिकार सर्वांना नव्हता, आणि स्त्रियांना तर तो बहुधा नव्हताच. नव्या काळातील ओसरीला ही चूक दुरुस्त करता येईल. फोनवरच्या मेळ्यात कोणाचे घर कोणत्या मोहल्ल्यात आहे, हे विचारावे लागत नाही.

असे कोठे घडले आहे काय?

घडले आहे, आणि त्यात आपल्या वयाच्या माणसांचा वाटा मोठा आहे.

शिक्षणशास्त्रज्ञ सुगत मित्र यांनी २००९ साली ब्रिटनमधील नागरिकांना आवाहन केले की, आठवड्यातून एक तास द्या आणि इंटरनेटवरून भारतातील मुलांशी गप्पा मारा. पुढे आलेल्यांत निवृत्त शिक्षक पुष्कळ होते. हा उपक्रम ‘ग्रॅनी क्लाउड’ म्हणजे आज्यांचा मेळा म्हणून ओळखला जाऊ लागला. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील शाळेतही पुढे मित्र यांच्या प्रकल्पाचे एक केंद्र सुरू झाले. उद्देश एकाकीपणा घालवण्याचा नव्हता, शिक्षणाचा होता. तरी त्यातील पद्धत आपल्या कामाची आहे. या आज्यांनी शिकवायचे नव्हते. मुलांच्या पाठीशी उभे राहून “अरे वा, हे कसं जमलं तुला? मला दाखव बरं पुन्हा!” एवढेच म्हणायचे होते. मित्र यांनी या रीतीला ‘आजीची पद्धत’ असेच नाव दिले आहे.

आफ्रिकेतील झिंबाब्वेत मनोविकारतज्ज्ञ फारच थोडे. तेथील डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात १४ आज्यांना ऐकून घेण्याचे आणि अडचणीतून वाट शोधायला मदत करण्याचे प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर या आज्या बसू लागल्या. ‘फ्रेंडशिप बेंच’ म्हणजे मैत्रीचा बाक, असे त्याचे नाव. २०१६ साली ५७३ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर बाकावर येणाऱ्यांपैकी १३.७ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे उरली होती. नेहमीची सेवा घेणाऱ्यांत ती ४९.९ टक्के होती. पुढे हा बाक अमेरिकेतील न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला.

आपल्या राज्यातही उदाहरणे आहेत. पुण्यातील ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’ या संस्थेने नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबवला. गावातीलच स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले. त्यांच्या मोबाइलमध्ये छोट्या चित्रफिती होत्या. फोन दाखवण्याच्या निमित्ताने ते शेजारी बसत आणि चित्रफीत संपल्यावर खरे बोलणे सुरू होई. याच संस्थेच्या ‘आउटलिव्ह’ या उपक्रमात १८ ते २४ वयाच्या तरुणांना त्यांच्याच वयाच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांशी लिखित संदेशांतून बोलता येते. आवाजही न ऐकवता मन मोकळे करण्याची सोय कित्येक तरुणांना हवी असते, हे त्यामागचे कारण.

आणि अगदी आपल्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने स्थानिक माणसांना नैराश्य ओळखायला आणि पहिला आधार द्यायला शिकवले. त्याआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. गावात दुखणे होतेच. मदत ओळखीच्या माणसाच्या रूपाने दारात आल्यावर लोकांनी ती स्वीकारली.

आर्णीत अशी ओसरी उभारायची तर

यासाठी मोठी कंपनी नको, महागडे ॲपही नको. हाताशी असलेल्या फोनवर गटकॉल करता येतो. रचना मात्र विचारपूर्वक हवी. माझ्या दृष्टीने ती अशी असावी.

गट आठ जणांचा. सहा तरुण, एक थोडा अनुभवी व प्रशिक्षण घेतलेला तरुण आणि एक ज्येष्ठ. नववा आला तर दुसरा गट सुरू करावा. पहिला फुगवू नये. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळी, चाळीस मिनिटे. दृश्य नको, केवळ आवाज असावा. खेड्यांत जाळे क्षीण असते हे एक कारण. आणि दुसरे असे की, आपल्या घराची भिंत, पसारा, गोठा दाखवण्याचा संकोच नसावा. सेवा करणाऱ्या सुनांसाठी आणि घरी राहणाऱ्या मुलींसाठी वेळ दुपारची, घरातील वडीलधारे विश्रांती घेतात तेव्हाची.

प्रत्येक भेटीला एक छोटे काम हवे, खिरापतीसारखे. कोणी घरातील एखाद्या वस्तूचा आवाज ऐकवावा, इतरांनी ओळखावे. कोणी आजीकडून ऐकलेला उखाणा सांगावा. कोणी बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर सोप्या भाषेत समजावून द्यावा. “मन मोकळे करा” असा आदेश दिल्याने मन मोकळे होत नाही. हात कामात गुंतले की ते आपोआप होते. बोलण्याची पाळी सर्वांची, आणि “आज माझी पाळी पुढं जाऊ द्या” म्हणण्याचीही मुभा. वऱ्हाडी, गोरमाटी, दखनी, प्रमाण मराठी, ज्याला जी बोली सहज येते तिच्यात बोलावे; तिच्यावर कोणी हसू नये.

कौतुकाचे आकडे नकोत, पुढे ढकललेले संदेश नकोत, सुप्रभाताची चित्रेही नकोत. मात्र एक नोंद अवश्य असावी : कोण आले नाही. सलग दोनदा कोणी आले नाही तर गटातील एकाने त्याला फोन करावा, आणि जाब न विचारता सांगावे, “तुझी जागा रिकामी दिसली.” या वाक्यातील औषधी गुण मी फार मोठा मानतो. हजार अनोळखी माणसांच्या पसंतीच्या खुणा जे करू शकत नाहीत, ते हे वाक्य करते.

महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट. वाचनालयात, शाळेच्या आवारात, अरुणावतीच्या काठावर, जेथे सर्वांना निर्धास्तपणे येता येईल तेथे. फोनवरील ओसरी हा साकव आहे. साकवावर घर बांधायचे नसते. म्हणून तिचे यशही वेगळ्या रीतीने मोजावे. लोक फोनवर किती तास राहिले हे न मोजता, गटातील किती जण फोनबाहेर एकमेकांना भेटू लागले ते मोजावे. वर सांगितलेले तीन प्रश्न आरंभी आणि तीन महिन्यांनी विचारावेत. बेरीज उतरली नसेल, तर रचना बदलावी. तरुणांना बोल लावू नये.

सुरक्षिततेबाबत हयगय चालणार नाही. मुलींचे फोन क्रमांक गटाला दिसणार नाहीत अशी सोय करावी. ते जमत नसेल तर मुलींचा गट वेगळा ठेवून त्याची जबाबदारी स्त्रीकडेच द्यावी. तक्रार कोणाकडे करायची, ते पहिल्याच दिवशी सांगावे. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची संमती आवश्यक मानणारा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, त्याचे भान ठेवावे. गटात बोललेले गटातच राहावे. याला एकच अपवाद : कोणाच्या जिवाला धोका असल्यास गुप्तता पाळायची नाही. हा अपवाद सर्वांना आरंभीच ठाऊक असावा.

ज्येष्ठांचे काम : ऐकणे

या रचनेत एक ज्येष्ठ कशासाठी, असे आपण विचाराल. तरुणांना एकमेकांत स्पर्धा असते. तुमच्याशी ती नसते. तुम्ही अपयश पाहिले आहे, नापिकी पाहिली आहे, मरणही पाहिले आहे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी चहा केला आहे. हे तुमच्या शांत बसण्यातूनच त्यांना कळते.

पण त्यासाठी काही सवयी सोडाव्या लागतील. “आमच्या वेळी असं नव्हतं” हे वाक्य दार बंद करते. “नोकरीचं काय झालं?”, “लग्नाचं काय?” हे प्रश्न प्रेमापोटी विचारलेले असले, तरी सावध झालेल्या मनाला ते चौकशीसारखे वाटतात. त्याऐवजी मदत मागा. “हे बिल फोनवरून कसं भरायचं, दाखवशील?” कोणाच्या तरी उपयोगी पडणे हा एकाकीपणावरचा जुना आणि खात्रीचा उतारा आहे. तो बोलू लागला की मध्ये उपाय सुचवू नका. “मग?” आणि “तुला तेव्हा कसं वाटलं?” एवढ्या दोन प्रश्नांवर अर्धा तास निघतो. त्याने “सगळे मला टाळतात” असे म्हटले, तर “छे, भलतंच!” म्हणून ते खोडू नका, “कालचा फोन त्यानं घेतला नाही, याचं आणखी काय कारण असू शकेल?” असे विचारा. संशोधकांना जे ‘चुकीचे अर्थ सुधारणे’ अभिप्रेत आहे, ते हेच.

धोक्याची खूण दिसली तर

एकाकीपणा आणि नैराश्य एक नव्हेत. पण एकातून दुसऱ्याकडे जाणारी वाट आखूड आहे. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, “माझं ओझंच आहे सगळ्यांना” असे बोलणे, आपल्या वस्तू वाटून टाकणे, ही लक्षणे दिसली तर थांबू नका. “जीव द्यावासा वाटतो का?” असे शांतपणे, स्पष्ट विचारा. विचारल्याने हा विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी ओळखले म्हणून सुटका वाटते. त्या माणसाला एकटे सोडू नका. आपल्या कापूसपट्ट्यात आणखी एक गोष्ट प्राण वाचवते : फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली विश्वासू माणसाजवळ.

केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. आपल्यालाच आधार हवा असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी राष्ट्रीय सेवा आहे. हे दोन्ही क्रमांक देवघराजवळ, दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणि या पंधरवड्यासाठी एक काम. एका कागदावर तुमच्या गल्लीतील, नात्यातील किंवा ओळखीच्या घरांतील आठ तरुणांची नावे लिहा. त्यांत पुण्याहून परतलेला मुलगा असावा, वावरात एकटा राबणारा असावा, तुमच्या औषधांच्या वेळा सांभाळणारी सून तर असावीच. प्रत्येक नावापुढे तुमचे त्या व्यक्तीशी शेवटचे बोलणे कधी झाले तो दिवस लिहा. ज्या नावापुढे दिवस आठवणार नाही, त्या नावाला आज फोन करा. ओसरीवरची पहिली जागा त्याची आहे.